मास्कप्रमुखाचे दात

मी दात करतो. डॉक्टर नव्हे मी, गैरसमज नको. डॉक्टर तोंडात हात घालतात, माप घेतात आणि ते माप डबीत घालून माझ्याकडे पाठवतात. मग मी त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात मांडतो, घासतो, चकचकीत करतो आणि परत धाडतो. पेशंटला वाटतं सगळं डॉक्टरांनीच केलं. वाटू दे. सव्वीस वर्षं हे असंच चाललंय. अर्ध्या शहराचं हसू माझ्या टेबलावरून गेलंय, हे मी कुठल्याही घरी गेलो की तिसऱ्या मिनिटाला सांगतो. बायको दुसऱ्या मिनिटालाच तिथून उठते.

आणि मग ती साथ आली, सगळ्यांची तोंडं झाकली गेली. पहिल्या महिन्यात मी म्हटलं, जाईल ही चार दिवसांत. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की लोकांना दात नसले तरी मजेत चालतंय! एका आजोबांची कवळी तयार होऊन पडली होती. मी स्वतः फोन केला. तर म्हणतात, "राहू दे हो सध्या. मास्कच्या आत कोण बघतंय?" कोण बघतंय! माझ्या सव्वीस वर्षांच्या कलेचा त्या माणसाने दोन शब्दांत निकाल लावला.

खोटं कशाला बोलू, मला मास्कचा राग आला तो धंद्यापायी. पण धंदा बसला म्हणून राग आलाय असं कोणी चारचौघांत म्हणतं का? मग मी विज्ञान काढलं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टसमोर, एक बाकडं आहे. तिथे मी रोज सकाळी उभा राहून बोलायचो. "अहो, आपणच सोडलेली हवा आपणच परत घ्यायची? उद्या म्हणतील आंघोळीचं पाणी प्या!" लोक हसायचे. लोक हसले की मला चेव चढतो. मग मी शरीराची नैसर्गिक ताकद, आपल्या आजोबांच्या काळात कुठे होते मास्क, आणि त्या एवढ्याशा जंतूला ही जाळी म्हणजे मैदानाचं फाटक, असं काय काय बोलायचो. यातलं मला कणभर कळत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा जिममास्तर, ज्याची जिम बंद होती, तो दंड थोपटत म्हणायचा, "शंभर टक्के बरोबर बोललात काका." दोन धंदे बुडालेली माणसं एकमेकांना शास्त्र शिकवत होती, दुसरं काही नाही.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. मी आपला मध्येच बोलतोय.

माझी मोठी वहिनी सहाव्या मजल्यावर एकटी राहते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दादा जाऊन सात वर्षं झाली. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा मी दुसरीत होतो, आई आधीच गेली होती. अर्ध्या चड्डीतल्या मला त्या पहिल्या दिवसापासून "भाऊजी" आणि "तुम्ही" म्हणत आल्या. "भाऊजी, नाक पुसा." असं. मला अहोजाहो करून वाढवणारी जगात ती एकच बाई.

साथ यायच्या आठ महिने आधी त्यांचं मूत्रपिंड बदललं. त्यांच्या बहिणीने दिलं. ऑपरेशन छान झालं, पण नवीन मूत्रपिंड शरीराने हाकलून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या असतात, त्या अंगातली लढायची ताकदच झोपवून ठेवतात. साधी सर्दी झाली तरी त्यांना महाग पडणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: बंद जागेत उघड्या तोंडाच्या माणसाजवळ उभं राहायचं नाही. आणि आमच्या इमारतीत सगळ्यांत बंद जागा कुठली? लिफ्ट. चार माणसं शिरली की पाचव्याची पिशवी बाहेर राहते, एवढी. पंखा आहे, तो फिरत नाही. वहिनींचे गुडघे गेलेले, दम लागतो. सहा मजले जिन्याने म्हणजे अशक्यच. दर गुरुवारी तपासणी, आणि रोज सकाळी अर्धा तास मागच्या अंगणात झाडाखाली बसणं, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. आणि त्या जगाचा दरवाजा म्हणजे ती लिफ्ट.

त्या लिफ्टजवळ आल्या आणि आत कोणी उघड्या तोंडाचं असलं, की त्या बाजूला होऊन म्हणायच्या, "तुम्ही जा, मी पुढच्या फेरीला येते." पुढच्या फेरीलाही तेच. एकदा मी घड्याळात बघितलं, पंचवीस मिनिटं उभ्या होत्या. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, लिफ्टपुरता तरी लावत जा हो."

"वहिनी, तुमच्यासाठी वाट्टेल ते!" मी म्हणालो, खिशातून मास्क काढला आणि हनुवटीवर लावला. हनुवटीला सर्दी होऊ नये म्हणून बहुतेक. त्या पुढच्या फेरीला गेल्या.

हे सगळं लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पण थांबा, अजून खूप कारणं येणार आहेत.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझे दात पडले.

प्रत्येक कवळीसोबत मी एक छापील कागद देतो. त्यावर पहिलीच सूचना, ठळक अक्षरात: दातांनी झाकणं उघडू नयेत. त्या दिवशी माझ्या कामाच्या द्रावणाच्या बाटलीचं झाकण अडकलं होतं. पक्कड हाताच्या अंतरावर होती. मी झाकण दातांत धरलं आणि पिळलं. टक्‌ असा आवाज झाला. झाकण जागचं हललं नाही. हातात आले ते वरचे, समोरचे, ऐन मधले दोन दात. सव्वीस वर्षं दात हाताळतोय, पण इतके ओळखीचे दात कधी हातात आले नव्हते.

बायकोला दाखवलं. तिने आधी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला, मग भिंतीला टेकली, मग हळूहळू खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तो कागद," ती म्हणत होती, "तो तुमचा कागद..." पुढचं तिला बोलताच येईना.

मी आरशासमोर उभा राहिलो. माझा चेहरा म्हणजे माझी जाहिरात होती हो! मधोमध खिंडार पडलेल्या माणसाकडून कोण दात करून घेईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तो नाकापासून गळ्यापर्यंत बंद होऊन. एकावर एक दोन मास्क. बाकड्याजवळ जिममास्तर माझ्या भाषणाची वाट बघत होता.

"काका? तुम्ही? मास्क?"

"प्रकरण गंभीर आहे," मी म्हणालो. ज्यांत स किंवा फ येतो ते शब्द मी रात्रीच यादीतून काढून टाकले होते, कारण त्यांच्याबरोबर शीळ बाहेर पडत होती. "विचार केला. चूक कळली. माणूस चुकतो."

'माणूस' म्हणतानाही थोडी शीळ आलीच. त्याला मास्कमुळे वाटलं असावं.

तुम्ही म्हणाल, अहो, दात करणारा माणूस, स्वतःचे दात करून घ्यायला काय झालं? तेच सांगतो. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःला घेता येत नाही. मी घेऊन पाहिलं. मापाचा तो गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला, साचा तोंडात दाबला आणि आरशात बघत उभा राहिलो. लगदा घशाकडे सरकला. ओकारी आली, डोळे बाहेर आले, एका हाताने साचा धरलाय, दुसऱ्या हाताने बेसिन. आणि नेमकी तेव्हा दाराची बेल. त्या मापावर जे दोन दात मी केले, ते एकमेकांकडे पाठ करून उभे होते, भांडण झालेल्या जावांसारखे.

डॉक्टरांकडे जायचं तर आधी दवाखानेच बंद. उघडले, तर ज्या डॉक्टरांना मी वीस-वीस वर्षं दात पुरवले, त्यांच्यासमोर आ कसा करू? "कसे पडले?" विचारतील. त्यांच्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये माझा तो छापील कागद आहे. असं करत महिना गेला, दोन गेले. मग घाईच वाटेनाशी झाली. मास्क तर आहे. आत कोण बघतंय? हे वाक्य मनात आलं तेव्हा ते आजोबा आठवले आणि मी तो विचार घाईघाईने बंद केला.

पण इमारतीला यातलं काय माहीत! इमारतीला एवढंच दिसत होतं, की कालपर्यंत मास्कला शिव्या देणारा माणूस रातोरात बदलला. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांना अशा गोष्टींचं फार कौतुक. त्यांनी सूचनाफलकावर लिहिलं, की ज्यांचं मतपरिवर्तन झालं आहे अशा व्यक्तीलाच ही जबाबदारी द्यावी असं ठरलं आहे. मी मास्कप्रमुख झालो.

काय सांगू, पद अंगात भिनलं. बाकड्याशेजारी माझी खुर्ची आली. बाकड्यावर मास्कचा खोका. उघड्या तोंडाचा माणूस लिफ्टकडे वळला की मी खोका पुढे करायचो. कोणी नाकाखाली लावला, तर "नाक भाड्याने दिलंय का?" असं विचारायचो. बँकेतल्या बाई आधीच दोन मास्क लावायच्या, त्यांनी माझ्यामुळे तिसरा लावला. जिममास्तरशी तर रोजची हुज्जत. "माझी फुप्फुसं बघा काका," म्हणून तो छाती फुगवायचा. "ती आतच ठेव," मी म्हणायचो. त्याने माझं नाव 'तोंडबांधे' ठेवलं. ठेवेना का नाव! मी एकदाही, उन्हाळ्यात, पाणी पिताना, फोनवर बोलताना, एकदाही कोणासमोर मास्क खाली केला नाही. लोक म्हणायचे, निष्ठा असावी तर अशी. काहींनी मुलांना माझं उदाहरण दिलं.

आणि वहिनी? त्या दीड वर्षात वहिनींना लिफ्टसाठी एकदाही थांबावं लागलं नाही. सकाळी साडेसातला लिफ्टचं दार उघडायचं आणि त्या छत्री टेकत बाहेर यायच्या. माझ्या खुर्चीसमोर क्षणभर थांबायच्या. "बसलात का भाऊजी?" एवढंच. पण ते त्या अशा विचारायच्या, की मला दिवसभर पुरायचं. गुरुवारी तपासणीला जायच्या, शनिवारी रिपोर्ट चांगला आला म्हणून फोन करायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही खाली बसलेले असता म्हणून मी बाहेर पडते." मला भरून आलं. आणि त्याच वेळी जीभ आपोआप त्या खिंडारात गेली. ती सारखी तिथेच जायची.

मग साथ ओसरायला लागली. रस्त्यावर, दुकानांत तोंडं उघडी दिसू लागली. आणि माझी झोप उडाली. वहिनींच्या काळजीने उडाली असती तर मी आज मान वर करून बोललो असतो. मास्क गेले तर माझं काय, म्हणून उडाली. दुसऱ्याच दिवशी मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मला न ओळखणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मुळं काढली, हिरड्या भरू दिल्या, माप घेतलं. "दात कुठल्या कारागिराकडे पाठवू?" त्यांनी विचारलं.

"आहे एक," मी म्हणालो. "शहरात त्याच्या तोडीचा नाही."

ते दात मी नऊ दिवस केले. दोन्ही बाजूंच्या दातांना जोडलेले, पक्के. शेड तीनदा बदलली. पुढच्या कडेला वयाप्रमाणे हलकीशी झीज दिली, आत पुसटशी निळसर झाक दिली, एका दाताला जन्मजात असावा तसा किंचित तिरपेपणा. बायको म्हणाली, "माझ्या कशासाठी नऊ दिवस दिले होते का कधी?" माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी ते बसवले आणि मी रिक्षात एकटा बसून ड्रायव्हरच्या आरशात हसत घरी आलो. त्याने दोनदा विचारलं, काही हवंय का.

आणि रविवारी इमारतीची सभा होती.

विषय एकच. जिममास्तरने अर्ज दिला होता, की बाहेर सगळीकडे मास्क उठला, आता लिफ्टमधली सक्ती उठवावी. वहिनींनी मला आठ दिवस आधी वर बोलावलं होतं. त्या दाराच्या आत, मी बाहेर, मध्ये पायपुसणं. त्यांनी एक चिठ्ठी दिली. "मला गर्दीत येता येणार नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी यात लिहिलंय. लोकांना माझं दुखणं माहीतच नाही, कधी सांगितलं नाही कोणाला. उगाच कीव नको वाटते. पण आता सांगायला हवं. तुम्ही वाचा. तुमचं लोक ऐकतात." मग थांबून म्हणाल्या, "लिफ्ट गेली, की मी या चार खोल्यांत राहिले बघा भाऊजी."

"वहिनी, मी आहे ना!" मी म्हणालो, आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. माझ्या तोंडचं हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

रविवारी निघताना बायको म्हणाली, "सभेत मास्क काढू नका हं."

"मी काय खुळा आहे का?"

आमच्या घरात हा प्रश्न मी विचारतो आणि ती गप्प बसते, हे जुनं आहे.

सभा गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत होती. एकोणीस घरांतून एकेक माणूस आला होता. जिममास्तर बोलला: दोन वर्षं झाली, पुरे झालं, ज्याला भीती वाटते त्याने लावावा, इतरांवर जबरदस्ती का? टाळ्या पडल्या. पण फार नाही. बँकेतल्या बाई म्हणाल्या, लिफ्टपुरतं काय एवढं, एक मिनिटाचा तर प्रश्न. काहींनी माना डोलावल्या. सेक्रेटरी म्हणाले, "आता आपले मास्कप्रमुख."

मी उठलो. उठलो आणि बोलायला लागलो. खरं तर बरं बोलत होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही! मोठ्याने!"

बास. मला निमित्तच हवं होतं. मनातल्या मनात मी एका क्षणात सगळा युक्तिवाद केला: जागा मोकळी आहे, वहिनी इथे नाहीत, मुद्दा लिफ्टचा आहे, आणि ऐकू जाणं महत्त्वाचं. मी मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला, चिठ्ठीच्या वर. आणि बोलण्याआधी थोडा थांबलो, आणि हसलो. दीड वर्षाचं साठलेलं हसू होतं ते.

"अय्या," बँकेतल्या बाई म्हणाल्या, "किती सुरेख दात आहेत हो तुमचे!"

आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? थँक्यू म्हणून मुद्द्यावर आला असता. मी म्हणालो, "ओळखा बघू, यातले खरे किती?"

देवाशपथ, मी हे भर सभेत म्हणालो. कोणी म्हणालं सगळे, कोणी म्हणालं एकही नाही. मी बोट ठेवून दाखवलं, हे दोन. मग शेड कशी जुळवतात ते सांगितलं. ती निळसर झाक सांगितली. समोर येऊन लोक वाकून बघत होते. ग्रंथपालांनी चष्मा पुसून परत लावला. आणि मी, आ करून, मान उन्हाकडे वळवून उभा होतो.

"काका," जिममास्तर हळूच म्हणाला, "हे कधी पडले होते म्हणे?"

मी तोंड मिटलं. पण उशीर झाला होता.

"नाही, मला आठवतंय. तुम्ही एका रात्रीत बदललात ना? सगळ्यांना नवल वाटलं होतं." त्याने सगळीकडे बघितलं. "म्हणजे दीड वर्ष हा माणूस दात लपवत होता आणि आपण साथ समजून मास्क लावत होतो!"

असा हशा मी त्या इमारतीत ना आधी ऐकला, ना नंतर. ग्रंथपालसुद्धा हसले. बँकेतल्या बाईंनी हसू आवरायला तोंडावर हात नेला, तिथे तीन मास्क होते, मग त्यांनी ते तिन्ही काढले आणि मोकळं हसल्या. वाईट म्हणजे मीही हसलो. मला हसायला आवडतं, आणि दात नवे होते. त्या हशात जो तो हात वर करत होता. सक्ती उठवा म्हणणारे चौदा. नको म्हणणारे पाच. मी धरून.

खुर्च्या उचलायला लागले तेव्हा मी मास्क लावायला खिशात हात घातला. मास्कबरोबर चिठ्ठी बाहेर आली.

"थांबा!" मी म्हणालो. "एक वाचायचं राहिलं. वहिनींचं. सहाव्या मजल्यावरच्या..."

"आता काय वाचता?" सेक्रेटरी वही मिटत म्हणाले. "ठराव झाला की." लोक पांगले होते. मागे कोणीतरी माझी शीळ काढून दाखवत होतं. चिठ्ठी मी तिथेच उभा राहून एकट्याने वाचली. पाच ओळी होत्या. शेवटची ओळ होती, 'कोणाला त्रास झाला असल्यास क्षमा असावी.' तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

मी जिन्याने सहाव्या मजल्यावर गेलो. वहिनींनी दार उघडलं तेव्हा मला कळलं, त्यांना कळलंय. सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून ती जागा दिसते. शब्द ऐकू आले नसतील. पण वर झालेले हात मोजता येतात.

"वहिनी, मी..."

"दम घ्या आधी," त्या म्हणाल्या. "पाणी देते." आणि पेला बाहेर पायपुसण्यावर ठेवला.

त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. संध्याकाळी मी चिठ्ठी घेऊन घरोघर गेलो. लोकांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. "अरेरे, आधी सांगायचं ना," म्हणाले. चार दिवस लिफ्टमध्ये बरेच मास्क दिसले. पाचव्या दिवशी लोक विसरले. कोणी दुष्ट नाही हो, घाईत असतात. मी विनवलं तर हसून म्हणायचे, "काका, आता कोणता पडला?"

आठवडाभर वहिनी खाली आल्या नाहीत. रिकामी लिफ्ट मिळाली तरी मध्येच कोण उघड्या तोंडाने शिरेल, याचा नेम नव्हता. गुरुवारची तपासणी बुडाली. आणि पुढच्या सोमवारी सकाळी सात वाजता मी दार उघडलं, तर वर जिन्यात छत्री टेकल्याचा आवाज. एक पायरी. थांबा. एक पायरी.

मी आतून घडीचं स्टूल उचललं, मास्क बांधला आणि वर धावलो. चौथ्या मजल्यावर भेटल्या, कठड्याला धरून उभ्या होत्या. स्टूल मांडलं आणि स्वतः पाच पायऱ्या खाली जाऊन उभा राहिलो. त्या बसल्या. त्यांचा श्वास हळूहळू जागेवर आला. लिफ्ट आमच्या बाजूने खाली गेली, आत कोणीतरी खोकलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचे दात पडलेले मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं."

"कसं?"

"दुसरीत तुमचे हेच दोन पडले होते. तेव्हाही तुम्ही महिनाभर तोंडावर हात ठेवून हिंडत होतात. डोळे असेच दिसायचे." त्या किंचित हसल्या. "मी कोणाला बोलले नाही. उलट रोज म्हणायचे, देवा, भाऊजींचे दात इतक्यात होऊ देऊ नकोस."

मी मास्क नाकावर आणखी वर ओढला.

"दीड वर्ष ऐकलं की त्याने," वहिनी म्हणाल्या. "आणखी किती ऐकायचं?"

असं करत आम्ही खाली आलो. प्रत्येक मजल्यावर स्टूल, प्रत्येक मजल्यावर मी पाच पायऱ्या खाली. दुसऱ्या मजल्यावर जिममास्तर धावत वर चढत होता, व्यायाम म्हणून. "काय तोंडबांधे, परत पडले?" म्हणाला. "हो, परत पडले," मी म्हणालो. "तू लिफ्टने जा." तो वहिनींकडे बघून थबकला, बाजूला झाला आणि खाली वळून गेला. खाली पोचायला पाऊण तास लागला.

अंगणात झाडाखाली त्या बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी दहा पावलं लांब उभा राहिलो.

"आता दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दात हो. सगळ्या इमारतीने बघितले. मीच राहिले. इथे मोकळं आहे, तिथूनच दाखवा. आणि नीट हसून दाखवा, नुसता आ नको."

मी वारा कुठून येतोय ते पाहिलं, आणखी चार पावलं मागे गेलो आणि मास्क खाली केला. दात जागच्या जागी होते. शेड अगदी जुळलेली होती, सकाळच्या उन्हात तर जास्तच. पण हसू येईना. ओठ वर नेले, ते तसेच खाली आले. मी पुन्हा प्रयत्न केला.

वहिनी बराच वेळ वाट बघत बसल्या होत्या. मग त्यांनी छत्री जवळ ओढली.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "बांधा परत. सहा मजले चढायचेत अजून."